राळेखालचा शिक्का

२२ एप्रिल १९६४. कॅसलरॉकच्या रेल्वे वसाहतीतल्या त्या खोलीत माणसे तीन होती: फायरमन अर्जुनची विधवा केशर, तिची सासू आणि मुलगी तारा. खोली मेअखेर रिकामी करायची होती. गावी भावकीत आसरा होता, पण तिथली शाळा चौथीपर्यंतच. तारा सातवी पास झाली होती. तिला बेळगावच्या वसतिगृहात ठेवायचे तर विकण्याजोगी एकच वस्तू घरात उरली होती, ती म्हणजे गिटारचा ॲम्प्लिफायर.

१९४८ साली विलायतेला परतणाऱ्या एका इंग्रज इंजिनिअरने तो अर्जुनला दिला होता. लढाईपूर्वीचा, अमेरिकन बनावटीचा. अर्जुन इंजिनावरून उतरला, की हातपाय धुऊन गिटार मांडीवर आडवी घेई आणि वसाहतीला ऐकवी. गिटार त्याच्या आजारपणातच गेली. ॲम्प्लिफायरला आता बेळगावचे गोपाळराव गिऱ्हाईक होते. ते ऑर्केस्ट्रा चालवीत. त्यांची अट सरळ होती. यंत्र मुळातले असेल तर केशर मागेल ती किंमत, आतले भाग बदललेले असतील तर मोडीचा भाव. निवाडा म्हादूने करायचा.

म्हादूचा शब्द त्या मुलखात चाले, आणि तो त्याने कष्टाने कमावला होता. जोयड्याकडच्या डोंगरातला हा कुणबी १९४८ मध्ये कॅसलरॉकच्या कस्टम शेडमध्ये हमाल म्हणून लागला. तेव्हाच्या पोर्तुगीज गोव्याहून येणारी घड्याळे नि रेडिओ साहेबापुढे उघडून ठेवणे हे त्याचे काम. साहेब खोट शोधी. बघून बघून म्हादूलाही ती दिसू लागली: उलटा पिळलेला स्क्रू, कथलाच्या नव्या डागाची चकाकी. १९५५ मध्ये गोव्याची गाडी बंद झाली, शेडमधले काम संपले आणि म्हादू रेडिओ दुरुस्त करू लागला. इथल्या पावसाळ्यात तारेच्या गुंडाळ्यांना बुरशी धरे. त्यावर त्याने धुपाच्या झाडाची राळ मेणात कढवून तिचा लेप काढला. हा लेप दुसऱ्या कोणाला इतका साधत नसे. त्याचा त्याला अभिमान होता, आणि तो रास्तही होता.

त्या दिवशी गोपाळरावांना दुपारची गाडी गाठायची होती. वसाहतीत वीज यायची ती दिवेलागणीला. तेव्हा यंत्र चालवून पाहणे शक्य नव्हते. म्हादूने मागची फळी उघडली. काचेचे व्हॉल्व्ह जुने, स्पीकरचा कागद मूळचा, डाग सगळे एका हाताचे. केशर दाराशी उभी राहून त्याचा चेहरा वाचत होती.

मग त्याचा हात ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीवर थांबला. त्यावर राळेचा जाड, तांबूस थर होता.

"ही तर आपल्याकडची राळ," तो म्हणाला. "म्हंजे गुंडाळी हिकडंच झालीया. अमेरिकेच्या यंत्राला आपल्या विजेचा निम्माच जोर सोसतो, गोपाळराव. जळलं आसंल, कुनीतरी भरून दिलं."

"नक्की?"

"राळ वळखायला मला चष्मा लागत न्हाई."

केशर पुढे झाली. तिच्या हातात लाकडी पेटी होती, चांगलीच जड. "भावजी, ह्यो खोका बी संगट लागतोय. ह्येच्याबिगर त्ये चालत न्हाई. ह्यांनी कवाच तसं लावू दिलं न्हाई कुनाला."

"वहिनी, आडगळ हाय ती. र्‍हाऊ द्या घरात."

"पर ह्ये म्हनायचे..."

"आता यंत्र मला ठावं का तुमास्नी?" म्हादू हसून म्हणाला. गोपाळरावही हसले. केशर हसली नाही. तिने पेटी खाली ठेवली, आणि मोडीच्या भावाला मान तुकवली.

दोन वर्षांनी म्हादू व्हॉल्व्ह आणायला बेळगावला गेला, तेव्हा गोपाळरावांनी त्याला आग्रहाने चहाला बसवले.

"म्हादबा, ते कॅसलरॉकचं यंत्र आठवतं? मी लावून बघण्याआधीच मुंबईच्या एका वादकानं नेलं. सफाईला काढलं, राळ खरवडली, तर खाली कारखान्याचा शिक्का! अक्षर न् अक्षर शाबूत. मुळातलंच होतं हो ते. तुमच्या राळेनं राखलं!"

म्हादूच्या बशीत चहा निवत गेला. त्याला पावसाळ्याच्या तोंडावरचा अर्जुन आठवला, हातात करवंटी घेतलेला. 'म्हादबा, वाईच राळ दे की. साहेबाची ठेव हाय, बुरशी लागंल.' राळ म्हादूने स्वतः ओतून दिली होती, कशी लावायची तेही सांगितले होते. आणि तो खोका! विजेचा जोर निम्मा करणारा खोका. गुंडाळी इथे बदलली असती तर त्याची गरजच उरली नसती. केशरने सगळा पुरावा हातात धरून त्याच्यापुढे ठेवला होता.

खोट शोधण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण ज्या घरात यंत्र सोळा वर्षे राहिले, त्या घरातल्या बाईला विचारावे, हे त्याला शेडमध्ये कोणी शिकवले नव्हते, आणि नंतर तो आपणहूनही शिकला नाही.

परतल्यावर चार दिवसांनी तो केशरच्या गावी गेला. वाटेत त्याने कबुलीचे वाक्य जुळवले होते. तारा घरी नव्हती. कुळगीकडे जंगलखात्याच्या रोपवाटिकेत ती मजुरीला जात होती. केशरने गूळपाणी आणले आणि कोपऱ्यातली लाकडी पेटी पुढे सरकवली.

"बसा, भावजी. तुमची आडगळ. बसायला झ्याक हाय."

तिच्या बोलण्यात टोमणा होता की नुसती थट्टा, हे त्याला कळले नाही. तो बसला.

"कसं काय येनं केलंसा?"

"हिकडनं चाललो व्हतो," म्हादू म्हणाला.

त्याने बिघडलेली बॅटरी दुरुस्त करून दिली, दुसऱ्यांदा पाणी मागितले आणि उठला. नंतर तो वर्षातून दोनदा जाऊ लागला, कधी मध घेऊन, कधी कोकम. केशर त्याला भला माणूस म्हणे. ते ऐकून तो दर वेळी लवकर निघे.

१९६७ साल सरले. ॲम्प्लिफायर खरा होता आणि वहिनी, तुम्हीही खरे बोलत होता, एवढे म्हादूने केशरला अद्याप सांगितलेले नाही. ताराची आठवी राहिली ती राहिलीच. ही दोन्ही देणी बाकी आहेत.