अजून ओली आहे

माझ्या बाबांना अख्खी वस्ती थांबाशेठ म्हणायची. शेठ म्हणावं असं त्यांच्याकडे काही नव्हतं. एक लाकडी शिडी, अकरा ब्रश आणि दुसऱ्याचं काम अडवून धरायची अफाट हौस, एवढीच इस्टेट. ते घरं रंगवायचे. नव्या घराचा मालक सामानाचा टेम्पो दारात उभा करून विचारायचा, "शेठ, आज पहिला हात होईल ना?" बाबा भिंतीजवळ जायचे, बोटाच्या पेराने टक टक करायचे, कान लावायचे आणि म्हणायचे, "थांबा. अजून ओली आहे."

झालं! मालक भडकायचा, मालकीण भडकायची, टेम्पोवाला तर थेट आईबहिणीवर यायचा. बाबा ढिम्म. नव्या गिलाव्यातलं पाणी पुरतं सुकल्याशिवाय रंग द्यायचा नाही, दिला तर तीन महिन्यांत पोपडे धरतात, हा त्यांचा एकुलता एक धर्म. ज्यांना दम निघायचा नाही ते दुसरा रंगारी आणायचे, आणि पोपडे धरले की तोंड पाडून आमच्या दारात यायचे. असं इतक्यांदा झालं की बाबांच्या डोक्यात हवा गेली. "मी म्हटलं होतं" हे ते तोंडाने कधीच बोलले नाहीत. ते काम त्यांची मिशी करायची.

इथवर ठीक होतं. भिंती बघून घेतील आणि मालक बघून घेतील. पण हाच नियम या माणसाने माझ्या थोबाडाला लावला.

मी अकरा वर्षांची होते. वर्गातल्या निम्म्या पोरी सुट्टीच्या दिवशी ओठ रंगवून फिरायच्या, आणि मी, जिच्या घरात मोरीपासून माळ्यापर्यंत नुसते रंगाचे डबे, ती कोरीच्या कोरी. "रंगाऱ्याची पोर आणि नुसता प्रायमर," असं एक भवानी सगळ्यांसमोर म्हणाली. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. घरी येऊन बाबांना म्हटलं, "मला लिपस्टिक पाहिजे." त्यांनी ब्रश खाली ठेवला, मला जवळ ओढलं, गालावर पेराने टक टक केलं आणि डोळे मिटून कान लावला.

"थांब," ते म्हणाले. "अजून ओली आहे."

आई हसून हसून जमिनीवर लोळायची बाकी राहिली. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मलाही हसू आलं. पण बारावं सरलं, तेरावं लागलं, दर महिन्या-दोन महिन्यांनी मी गाल पुढे करायची आणि दर वेळी तेच. टक टक. अजून ओली.

"कधी वाळणार मी?"

"ते भिंत सांगते."

"मी काय भिंत आहे?"

"छे. भिंत इतकी बडबडत नाही."

आई म्हणायची, "अहो, द्या ना एकदाची परवानगी. माझा जीव खाते ती." यावर बाबा शांतपणे विचारायचे, "पोपडे धरले तर खरवडायला तू बसणार का?" या माणसाशी वाद घालणं म्हणजे खरोखरच भिंतीशी वाद घालणं होतं.

तेराव्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन माझ्याकडे आलं. अख्ख्या शाळेसमोर, माइक हातात घेऊन, आणि ती भवानी पहिल्या रांगेत. मी गाल पुढे केला. टक टक. अजून ओली. मग माझंही डोकं फिरलं. संमेलनाच्या सकाळी बाबा कामावर गेले आणि मी त्यांच्या पिशवीतली लाल स्टेनरची बाटली काढली. पांढऱ्या रंगात चार थेंब टाकले की अख्खी खोली गुलाबी करून सोडतो, असा तो जहाल रंग. काडीच्या टोकाने ओठांना लावला. आरशात बघितलं तर काय सांगू, राणी दिसत होते. पाच मिनिटांनी तो हनुवटीवर उतरला, दहा मिनिटांनी दातांवर. धुवायला गेले तर जास्तच पसरला. बाबा दुपारी डबा विसरला म्हणून परत आले तेव्हा मी मोरीत बसून भोकाड पसरलं होतं, आणि एखाद्याचं कोंबडं कच्चं खाल्ल्यासारखं माझं तोंड होतं.

आता फटका बसणार म्हणून मी डोळे मिटले. बाबा खाली वाकले, नीट बघितलं आणि म्हणाले, "अगं, घासून न घेता डायरेक्ट मारलास?"

त्यांनी टर्पेंटाइनची बाटली उचलली, माझ्याकडे बघितलं, परत ठेवली. मग गोडेतेल आणि कापूस घेऊन तास-दीड तास माझ्यासमोर उकिडवे बसले. त्यांची बोटं म्हणजे पॉलिशपेपर. पण त्या दिवशी ती इतकी हळू चालत होती की मला रडू त्याचंच जास्त आलं. रंग गेला, ओठ मात्र भज्यासारखे सुजले. प, ब, म काही केल्या निघेनात. संध्याकाळी स्टेजवर "प्रमुख पाहुणे" म्हणायला गेले आणि माइकमधून असा काही फर्रकन आवाज आला की खुद्द प्रमुख पाहुण्यांनी आधी मागे वळून बघितलं. भवानी खुर्चीवरून पडली.

दुसऱ्या दिवशी मी जेवत असताना बाबा शेडकार्ड घेऊन आले आणि माझ्या ओठांजवळ धरून एकेक पट्टी लावून बघू लागले. संध्याकाळी त्यांनी खिशातून चक्क लिपस्टिक काढली. रंगाचे ब्रश ठेवायच्या खिशातून. दुकानातल्या बाईला त्यांनी सव्वा तास उभं केलं होतं म्हणे. मी हर्षवायू होऊन आरशाकडे पळाले, लावली, आणि बघतच राहिले. काहीच दिसेना! माझ्या ओठांचा जो रंग, तोच लिपस्टिकचा रंग. तिळमात्र फरक नाही.

"याला म्हणतात मॅचिंग," बाबा छाती काढून म्हणाले. "लावलीय हे कुणाच्या बापाला कळणार नाही."

मी ती त्यांच्या चिंध्यांच्या पिशवीत फेकली. आणि तरीही, लाज नावाची चीज नसल्यासारखी, पुढची चार वर्षं गाल घेऊन जातच राहिले. सतराव्या वर्षी मात्र स्वतःच एक भडक लाल लिपस्टिक घेतली, लावली, आणि ते शिडीवर असताना त्यांच्या समोरून तोंड वर करून निघून गेले. विचारलं नाही. बाबांचा ब्रश भिंतीवर तसाच थांबला. मला वाटलं, जिंकले.

आता माझ्याच पोरीला बारावं लागलंय. मोबाइलवर बघून बघून डोळ्यांना अशी रेघ ओढते की खिडकीच्या चौकटीला बाबांनी ओढली नसेल. परवा म्हणाली, मैत्रिणीच्या वाढदिवसाला पूर्ण मेकअप करून जाणार. मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, का? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यातून बाबाच बाहेर पडले, "थांब जरा." कारण विचाराल तर माझ्याकडेही नव्हतं. मग मला वरचं कोर्ट आठवलं. बाबा आमच्याकडेच असतात, आतल्या खोलीत. शिडीने गुडघे खाल्ले, हात थरथरतो, मिशी तेवढी शाबूत. निकाल आपल्याच बाजूने लागणार या खात्रीने पोरीला दंडाला धरून त्यांच्यासमोर उभी केली.

"बाबा, ठोकून सांगा हिला."

त्यांनी थरथरतं पेर तिच्या गालावर टेकवलं. टक टक. कान लावला.

"वाळलीये की," ते म्हणाले. "खुशाल लाव."

कार्टी किंचाळत पळाली. मी फुटलेच. "वा रे न्याय! मला सहा वर्षं ओली ठेवलीत आणि ही एका ठोक्यात वाळली? काय ऐकू यायचं हो तुम्हाला माझ्या गालात?"

"काहीच नाही," बाबा म्हणाले. "गालात काय ऐकू येणार? हाड असतं ते."

"मग?"

ते चादरीचा दोरा ओढू लागले. "तू येऊन गाल पुढे करायचीस," ते म्हणाले. "दिवसभर दुसऱ्यांच्या भिंती ठोकून यायचो मी. हो म्हटलं असतं, तर परत कशाला आली असतीस?" मग म्हणाले, "आणि नाहीच आलीस. सतराव्या वर्षानंतर एकदाही नाही."

मी पंचेचाळीस वर्षांची घोडी. ऑफिसला निघाले होते, तोंडावर फाउंडेशनचा चांगला जाड थर, ओठांवर तसलाच भडक लाल. सगळं धुऊन निघालं. तशीच त्यांच्या खाटेशी खाली बसले आणि गाल पुढे केला.

टक टक. कान लावायला त्यांना वाकता येईना, म्हणून मीच जवळ सरकले.

"पोपडे धरलेत," बाबा म्हणाले. मग स्वतःच्या बोटाकडे बघितलं आणि ते चादरीला पुसलं. "आणि ओली तर आहेसच अजून. उद्या ये, बघू."