करवलीचं लोकरीचं कंकण

१९७६चा वैशाख. लग्नाच्या आदल्या दिवशीची दुपार. स्थळ : जवळा बाजारजवळच्या आमच्या घराची ओसरी. हजर : नवरी म्हणजे माझी थोरली बहीण अक्का, माय, काकी, बांगड्या भरायला आलेली कासारीण मावशी आणि मी, वय अकरा. आबा घरामागे मेंढरांना पाणी पाजत होते, म्हणून गैरहजर.

काम एकच होतं : घरातल्या सगळ्यांच्या हातांत हिरव्या बांगड्या भरायच्या. अक्काचे हात झाले, मायचे, काकीचे झाले. मग मावशीनं माझा हात धरला. एक बांगडी मनगटावर गेली, दुसरी गेली आणि दोन्ही एकमेकींवर वाजल्या. तो आवाज मला दातांत लागायचा. लागायचा म्हणजे खरंच दुखायचा. हे स्वमग्नतेमुळं होतं. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी मला तो शब्द सांगितला तेव्हा मी चाळिशीत होते. तोवर घरात त्याला हट्ट म्हणत.

मी बांगड्या उतरवल्या, फुटू न देता खाली ठेवल्या आणि म्हणाले, "न्हाई."

"न्हाई काय? करवली व्हायचं हाय ना तुला?" काकी म्हणाली. "रिकाम्या हाताची पोरगी नवरीच्या पाठीशी उभी ऱ्हाते व्हय कुठं? ऱ्हाऊ दे मग. माही पोरगी धरंल कऱ्हा."

हे मला चालणार नव्हतं. करवली नवरीमागे पाण्यानं भरलेला कऱ्हा घेऊन उभी राहते. त्यासाठी मी महिनाभर भरला तांब्या घेऊन अंगणात फेऱ्या मारल्या होत्या. आता थेंब सांडत नव्हता. अक्का जायची होती आणि तिच्या पाठीशी मलाच उभं राहायचं होतं.

एरवी असं काही झालं की मी मेंढरांत जाऊन बसायची. त्या दिवशीही उठले.

"चालली बघा मेंढरांच्या पंगतीला," काकी मागून म्हणाली.

पण मी टकळी आणि लोकरीचा गुंडा घेऊन परत आले.

"काकी, उद्या अक्काच्या हातात काय बांधणार?"

"कंकण. हळकुंड ओवून. माहीत न्हाई का?"

"कशात ओवून?"

"लोकरीच्या दोऱ्यात. आपल्यात तेच असतंय."

"दोरा कुणी कातला?"

काकीनं मायकडं पाहिलं. माय पदराआड हसत होती. "हिनंच," ती म्हणाली. "इतका सारखा दोरा घरात दुसऱ्या कुणाला येतो?"

"मग तो अक्काच्या हातात चालतो, तर माह्या हातात काहून न्हाई? तो वाजत न्हाई. मला आवाजाची तकलीफ होते. हट्ट न्हाई करून राहिले मी. सांगून राहिले."

एका दमात इतकं मी कधी बोलले नव्हते. कासारीण मावशी मांडीवर थाप मारून हसली. "वकील करा गं हिला! हात भरल्याशी मतलब ना? भरा मग लोकरीनं. या बांगड्या ठेवून जाते. मन झालं तर घालंल."

"आन् लोकांनी विचारलं तर?" काकी म्हणाली.

"मी सांगीन."

"तू? पावण्यांशी? मग तर वऱ्हाड उपाशीच पळंल." असं म्हणत तिनंच दोरा तोडला आणि माझ्या मनगटाला गुंडाळला.

"घट्ट बांध, काकी." घट्ट असलेलं मला बरं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी हलगी आणि सनई सुरू व्हायच्या आत मी कानांत लोकरीचे बोळे घातले आणि अक्काच्या मागे उभी राहिले. अक्षता उडाल्या, लग्न लागलं, माणसं पंगतीला गेली. मला पत्ता नव्हता. मी कऱ्हा धरून उभीच. शेवटी अक्कानं वळून माझ्या कानातला बोळा काढला.

"ठेव की खाली, माय माही! बुंदी वाढून राहिले तिकडं."

पाणी काठोकाठ होतं. आणि मांडवाच्या कडेला काकी नवऱ्याकडच्या बायांना ठासून सांगत होती, "आमच्यात करवलीला लोकरच बांधतात. पहिल्यापासून."

तेव्हापासून बांधतातच. यंदा घरातल्या लग्नात अक्काची नात करवली आहे. तिचं कंकण मी कातून ठेवलंय. पण या पोरीला बांगड्यांचा खणखणाटही हवा आहे, म्हणून मावशीनं ठेवलेल्या त्या हिरव्या बांगड्या तिनं मागितल्या आहेत. लग्नाला घेऊन जाताना वाटेत वाजू नयेत म्हणून एकेक लोकरीत गुंडाळायची आहे. बाकी सगळं झालं. तेवढं राहिलंय.