दाजींच्या मशीनचं बटण

दाजी गेल्याचा ताईचा फोन आला, तेव्हा तिच्या रडण्यामागे त्यांचं मशीन चालूच होतं. झाडं कापायचा पेट्रोलवरचा चेनसॉ. आंब्याखाली, दाजींच्या शेजारी, तो नुसता घरघरत होता आणि बटण दाबलं तरी थांबत नाही, असं शेजारी मागून सांगत होते. मी पंचवटीतल्या माझ्या पंपदुरुस्तीच्या दुकानात. चोक ओढा, हवा तुटली की बंद पडेल, म्हटलं. आवाज थांबला, आणि मग फक्त ताई ऐकू येऊ लागली... आजही दुकानात एखादं इंजिन नुसतं घरघरत राहिलं, की मी हातातलं काम टाकून त्याच्याजवळ कोण आहे ते बघून येतो.

दाजी माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मखमलाबादकडे त्यांची द्राक्षबाग. छाटणीचं वेड असं, की कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी त्यांना दारातलं झाड वाढलेलं दिसायचं. आमचा कढीपत्ता त्यांनी असा काही 'हलका' केला, की माझ्या बायकोला पुढे कितीतरी दिवस बाजारातून कढीपत्ता आणावा लागला. त्यांच्यावर रागावणं मात्र कुणालाच जमलं नाही. गेल्या वर्षी हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी जपायला सांगितलं, दाजींनी मान डोलावली आणि घरी येऊन मशीनच्या चेनला धार लावली.

दिवसकार्य आटोपल्यावर ताईने मला त्या मशीनचं बटण बघायला सांगितलं. तिला एकच गोष्ट खात होती. दाजींनी मशीन नीट खाली ठेवलं होतं, म्हणजे बरं वाटेना म्हणून ते बसले असणार. बटण चांगलं असतं तर त्यांनी ते बंद केलं असतं, आवाज थांबला असता आणि ती धावत गेली असती. मशीन चालू होतं म्हणून ती घरात निर्धास्त भाजी निवडत बसली होती.

मी ओट्यावर बसून मशीन उघडलं. घरातल्या दिव्याची वायर तुटली की दिवा जातो. इथे उलटं असतं. बटण दाबलं की त्या वायरीतून ठिणगी मशीनच्या अंगात जिरते आणि इंजिन थांबतं. वायरच नसेल तर ते चालूच राहतं. बटणात काहीच बिघाड नव्हता. वायर सोडवून, तिच्या टोकाला काळी चिकटपट्टी घट्ट गुंडाळून ठेवलेली होती. हे दाजींचंच काम होतं. ताईला सांगू की नको, असं झालं... शेवटी सांगितलं.

ताईने ती वायर बोटांत धरली.

"माझ्यासाठीच काढली रे," ती म्हणाली. "आजारपणानंतर मशीन थांबलं की मला धडकी भरायची. लय वेळा पळत गेले मी आंब्याखाली. मग एकदा तेच म्हणले, अन् मला ती थट्टाच वाटली. म्हणले, हाताला सवय हाय, खाली ठेवलं की बटण दाबलं जातं. वायरच काढून टाकतो. आवाज येतोय तोवर मी हाय, असं समज."

एवढं बोलून ती पोळ्या करायला आत गेली. मी वायर जोडली. जोडल्यावर चालवून बघायचं, हा आमच्या धंद्याचा रिवाज. मशीन अंगणात ठेवून दोरी ओढली, थोडं चालू दिलं आणि बटण दाबलं. ते जागच्या जागी बंद पडलं.

ताई पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली. अनवाणी, पार अंगणाच्या कडेपर्यंत. तिथे थांबून ती आंब्याकडे बघत राहिली.

मी पुन्हा दोरी ओढली.