शकुनबाईचं चिनी पथ्य

शकुनबाई, हे तुझ्याबद्दल आहे. तू म्हणशील, बाईच्या पाळीचं कोणी छापतं काय? छापतात. निम्म्या जगाची झोप उडवणारी गोष्ट कुजबुजत सांगायला या वयात मला वेळ नाही. काही चुकलं तर बाजारात ये भांडायला, पण आधी पुरतं ऐकून घे.

तर लाखनीच्या बाजारात शकुनबाई मासोळ्या विकते. नवरा श्यामलाल पहाटे तलावात जाळं टाकतो, ती टोपलं घेऊन येते. निघण्याआधी त्याच जाळ्यातली एखादी रांधून खायची आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, "हेच खाऊन आली मी." सासूनं घालून दिलेली ही रीत. या एका वाक्यावर तिचं टोपलं दुपारच्या आत रिकामं व्हायचं.

पन्नाशी उलटली, पाळी जायला लागली आणि तिच्या अंगात भट्टी पेटली. भर थंडीत घाम. मासोळ्यांवरचा बर्फ उचलून ती मानेला लावायची, आणि तोच बर्फ परत मासोळ्यांवर पडताना गिऱ्हाईक बघत राहायचं. झोप तर गेलीच होती. श्यामलालची चादर ओढून फेकायची आणि वर त्यालाच विचारायची, तू काहून झोपून राहिला? सरकारी दवाखान्यात बीपी, रक्त सगळं तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजार नाही, वय आहे. ते शकुनबाईला न तपासताही ठाऊक होतं.

मग ती ज्योत्स्ना मॅडमकडे गेली. या नागपुरात शिकलेल्या, हायवेलगतच्या गाळ्यात चिनी पद्धतीनं सुया टोचणाऱ्या. केसासारख्या सुया पायात, मनगटात टोचून त्यांनी शकुनबाईला अर्धा तास निजवलं. मासोळीचा काटा यापेक्षा जोरात लागते, असं म्हणून शकुनबाई घोरायला लागली. निघताना कडू भुकटीच्या पुड्या मिळाल्या, गरम पाण्यातून घ्यायच्या.

आता आमच्याकडे पुडी म्हटली की पथ्य आलंच. आजवर ज्या ज्या वैदूनं पुडी दिली, त्यानं पहिली मासोळीच बंद केली. शकुनबाईनं विचारायची तसदी घेतली नाही, घरी येऊन मासोळी सोडली. हळूहळू झोप लागायला लागली, पण बाजारात पंचाईत झाली, कारण या बाईला खोटं बोलता येत नाही. धानाचे व्यापारी भूपेंद्रभाऊ यांनी नेहमीसारखं विचारलं, आज काय खाल्लं? ती म्हणाली, वरणभात.

"सोता खात नाही, आन् मले चारून राहिली काय वो बाई?"

ते शेजारी मासोळ्या विकणाऱ्या धुरपताकडे वळले, त्यांच्यामागे बाकीचे. धुरपता मोठ्यानं सांगायला लागली की तिनं दोन खाल्ल्या. शकुनबाईची रोहू संध्याकाळी घरी परत यायला लागली. श्यामलाल ती आनंदानं खायचा, तिच्यासमोर बोटं चाटत.

झोप ठेवावी की धंदा? शेवटी तिनं धंदा ठेवला आणि मॅडमना सांगायला गेली, तुमचं पथ्य मला झेपत नाही.

"मासोळी खाऊ नका असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगाले कायले पाहिजे? पुडी त तुमीच देली ना."

मॅडम इतक्या हसल्या की टेबलावरच्या सुया सांडल्या. म्हणाल्या, बाई, जिथली ही विद्या तिथले लोकही मासोळी खातात.

दुसऱ्या दिवशी शकुनबाईनं चार खाल्ल्या आणि तेच बाजारभर ओरडून सांगितलं. भूपेंद्रभाऊ परत आले. अंगातल्या वाफा अजून येतात, पण कमी. सुया लागू पडल्या, पुडी लागू पडली, की कोणी हाक न मारता अर्धा तास पडून राहणं लागू पडलं, मला माहीत नाही. मॅडमही छातीठोक सांगत नाहीत, म्हणून त्या मला आवडतात.

आता शकुनबाईकडून मासोळी घेणाऱ्या बायकाही मॅडमकडे जातात, आणि पुडी हातात पडली की जी ती मासोळी सोडते. म्हणजे परत गिऱ्हाईक जातं ते शकुनबाईचंच. तेव्हा तिनं मला काम सांगितलं: बाई, तुमचं अक्षर चांगलं हाये, मॅडमच्या दवाखान्याच्या दारावर लावाले मोठ्या अक्षरात लिहून द्या, मासोळी चालते. पुठ्ठा तिनं लगेच आणला, रंग मी आणणार होते. त्या पुठ्ठ्यावर सध्या श्यामलाल झिंगे वाळवतो, आणि रंगाच्या दुकानात मी अजून गेलेली नाही.