भातकुलीचा यूपीएस आणि तीन सोमवार

“ताई, मले दोन तास पाह्यजेत. जास्त नको, पन दोनाले एक मिनिटही कमी नको.”

प्रणाली काउंटरवर दोन्ही हात टेकून उभी होती. वय बत्तीस-तेहेतीस. बी.कॉम., टायपिंगच्या परीक्षा झालेल्या, आणि लग्नानंतर नऊ वर्षं घरी. भातकुलीहून एसटीने ती अमरावतीला माझ्या दुकानात आली होती. पुण्याच्या एका कंपनीने तिला घरून काम दिलं होतं. विम्याचे कागद कॉम्प्युटरवर तपासायचे, सोमवार ते शुक्रवार, सकाळी नऊ ते सहा. सहा महिने प्रोबेशन. अट अशी की शिफ्टमध्ये लॉगिन तुटता कामा नये. तीनदा तुटलं की काम बंद.

“लाईन किती वेळ जाते तुमच्याकडे?”

“रोज जाते. कधी अर्धा तास, कधी दीड. दोनच्या वर गेलेली मी पाह्यली नाही.”

मी यूपीएस आणि बॅटऱ्यांचं दुकान बावीस वर्षं चालवते आहे. डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा. माझ्याकडे अकरा प्रश्नांचा एक छापील कागद असतो आणि तो भरल्याशिवाय मी कोणाला काही विकत नाही. बहुतेक लोक येतात आणि म्हणतात, “सहाशेवाला द्या.” सहाशे व्हीए म्हणजे काय ते त्यांना माहीत नसतं. मी हमालाचं उदाहरण देते. व्हीए म्हणजे हमालाचे दंड. तो किती वजन उचलेल ते त्यावरून कळतं. ते वजन किती वेळ डोक्यावर ठेवेल, ते त्याने खाल्लं किती यावर. ते खाणं म्हणजे बॅटरी. सहाशेच्या डब्यात आतली बॅटरी लहान असते. पंधरा-वीस मिनिटांत फाइल सेव्ह करा, कॉम्प्युटर बंद करा, एवढंच तिचं काम.

प्रणालीचा कागद भरला. कॉम्प्युटर, मॉनिटर, राउटर. प्रिंटर नाही. लोड दीडशे ते पावणेदोनशे वॅट. अर्थिंग आहे. खोलीत ऊन येत नाही. घरात सात वर्षांची मुलगी आहे, म्हणून ॲसिडची, पाणी टाकायची बॅटरी नको. मी तिच्यापुढे तीन पर्याय ठेवले. लहान यूपीएस उपयोगाचा नाही. घराचा इन्व्हर्टर चालला असता, पण घर भाड्याचं, वायरिंगला मालक हात लावू देत नव्हता. उरला लाँग बॅकअप यूपीएस, म्हणजे ज्याला बाहेरून मोठी बॅटरी जोडता येते. पासष्ट अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी लावली की सव्वादोन तास मिळतात.

“सव्वादोन पक्के?”

“मी स्वतः मोजून देईन.”

बसवायला मीच गेले. दार उघडलं तिच्या सासऱ्यांनी. वामनराव, सत्तरी ओलांडलेले, ताठ, पांढरा सदरा. “जय भीम, मॅडम. या.” अकोल्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढतात तिथे, त्यांनी चौतीस वर्षं काढलेली. शेवटची बारा वर्षं फोरमन. बॅटरी उचलायला त्यांनी हात लावला आणि ती कुठे ठेवायची तेही त्यांनीच सांगितलं, भिंतीपासून चार बोटं सोडून, हवा खेळती राहील अशी. बरोबर होतं ते. सून मात्र वेगळंच बोलली. मला बाजूला घेऊन म्हणाली, “ताई, नऊ वर्षांत पैल्यांदा कोनी मले माह्या नावानं फोन करून राह्यलं. नाहीतर सगळ्याईले मी अमकीची मायच.”

मी मीटर लावून, घड्याळ लावून मोजलं. दोन तास अठरा मिनिटं. मग माझ्या पद्धतीप्रमाणे पाच सूचनांचा कागद भिंतीला चिकटवला. त्यातली दुसरी सूचना अशी : यूपीएस कधीही बंद करू नये, तो चालू असला तरच बॅटरी चार्ज होते. वामनरावांनी चष्मा लावून पाचही सूचना मोठ्याने वाचल्या. “हे बरं केलं. लिहून असलं की मानूस चुकत नाही,” म्हणाले.

पाच आठवडे काही नाही. मग एका सोमवारी दुपारी प्रणालीचा फोन आला.

“ताई, आठ मिनिटात बंद पडला.”

बुधवारी गेले. लाईन बंद करून मोजलं. दोन तास दहा मिनिटं. यूपीएस ठणठणीत. असं झालं की आमच्या धंद्यात पहिला संशय ग्राहकावर जातो. लोक यूपीएसवर मिक्सर लावतात, कूलर लावतात आणि वर नाही म्हणतात.

“त्या दिवशी प्रेस लावली होती का याच्यावर? कपड्यांची?”

“नाई.”

“मुलीने काही?”

“ताई, माही नोकरी हाये ही. मी खोटं काहून बोलीन?”

मी डायरीत लिहिलं : बहुधा जास्त लोड. आज ती ओळ वाचवत नाही.

दोन आठवड्यांनी पुन्हा फोन. या वेळी सहा मिनिटं. मी गुरुवारी पोचले, मोजलं, तर बॅकअप दीड तासावर आलेला. म्हणजे बॅटरी खरंच खंगत होती. तात्पुरती दुसरी बॅटरी लावून ही मी अकोल्याला सलीमभाईंकडे नेली. ते बॅटऱ्यांचे ठोक व्यापारी. वॉरंटीचा माल तेच तपासतात. त्यांनी टेस्टर लावला, दोनदा पाहिलं.

“मॅडम, बॅटरी में ऐब नहीं है. इसको किसी ने भूखा रखा है.”

“म्हणजे?”

“पूरी खाली हुई, और खाली ही पडी रही. दो-चार बार. लेड की बॅटरी खाली पडी रही तो अंदर से पथरा जाती है. तुमको क्या बताऊं, तुमको तो मालूम है.”

मला माहीत होतं. पण घरात माणसं आहेत, यूपीएस चालू आहे, लाईन रोज दीड तासापेक्षा जास्त जात नाही, तर ती उपाशी राहील कशी? मी हिशोब केला की व्होल्टेज कमी येत असणार आणि चार्जरला पुरत नसणार. भातकुलीत संध्याकाळी व्होल्टेज पडतंच. सलीमभाईंनी बॅटरी बदलून दिली. मी नवी बॅटरी आणि सोबत एक स्टॅबिलायझर बसवला. प्रणालीने विचारलं, “आता नाही ना जानार? दोन झाले. एकच उरला.”

“नाही जाणार,” मी म्हणाले. कारण न सापडता दिलेला शब्द होता तो. असा शब्द देऊ नये हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

त्यानंतरच्या पाचव्या सोमवारी सव्वादहाला तिसरा फोन आला. ती रडत नव्हती. एवढंच म्हणाली, “ताई, गेलं.”

दुकान बंद केलं आणि स्कूटर काढली. पोचले तेव्हा लाईन नुकतीच आलेली होती. प्रणाली बंद स्क्रीनसमोर बसली होती. मुलगी शाळेत. वामनराव दारात उभे. मी मीटर लावला. भरलेली बॅटरी पावणेतेरा व्होल्ट दाखवते. ही साडेदहावर होती. महिनाभराचा माल.

मी डायरी काढली. तक्रार आली की तारीख, वार, वेळ लिहायची माझी सवय आहे. तीन नोंदी एकाखाली एक पाहिल्या. सोमवार, सोमवार, सोमवार. ज्या दिवशी मी मोजलं ते बुधवार आणि गुरुवार. वाराचा रकाना मीच आखलेला, मीच भरलेला. वाचला मात्र नव्हता.

“शनिवार-रविवार तुम्ही काय करता?”

“गावाले जातो,” प्रणाली म्हणाली. “मूर्तिजापूरकडे. आत्याबाई, म्हंजे माही सासू, तिथंच राह्यते, वावर हाये. हे बी अकोल्याहून तिथंच येतात, दालमिलीत हायेत ना. शुक्रवारी शिफ्ट संपली की निघतो. सोमवारी पाहाटच्या गाडीनं वापस. आठला घरी.”

“आणि घर?”

उत्तर वामनरावांनी दिलं. सरळ, थोड्या अभिमानानेच.

“घर बंद करतो ना मी. गॅस, नळ, मग मेन स्विच पाडतो. मॅडम, चौतीस वर्षं जिनिंगमधी काढली. कापसाच्या जागेतून मेन पाडल्याबिगर मानूस बाहीर निघत नाही. एक ठिनगी पडली की अख्खी गंजी जाते. मी डोयानं पाह्यलं हाये. रिटायर झालो तरी तो हात तसाच जाते मेनवर.”

“आणि यूपीएस?”

“तो चालूच! तुमी लिवलं ना, कधीही बंद करू नये.” त्यांनी भिंतीवरच्या माझ्या कागदाकडे बोट केलं.

मग सगळं सरळ होतं. शुक्रवारी संध्याकाळी मेन पडला की यूपीएसला वाटायचं, लाईन गेली. कॉम्प्युटर बंद, पण राउटर आणि स्वतःचं पोट तो बॅटरीवर भरत राहायचा. रिकाम्या घरात शनिवारी दुपारपर्यंत बॅटरी संपायची आणि सोमवारी सकाळपर्यंत तशीच पडून राहायची. आठला मेन वर, नऊला शिफ्ट. तासाभरात ती काय भरणार? सोमवारी लाईन दुपारनंतर गेली तर निभायचं. सकाळी गेली की आठ मिनिटं. आणि दर आठवड्याच्या त्या उपासाने ती आतून मरत चालली होती. कारखान्याचा नियम बरोबर होता. माझा नियमही बरोबर होता. दोन्ही एकाच घरात पाळले गेले.

मी हे सगळं तिथेच, मीटर हातात धरून, बोलून टाकलं. कारण सापडलं की ते सांगायची घाई होते, तशी मला झाली. प्रणाली सासऱ्यांच्या मागे उभी राहून मान हलवत होती, नका सांगू म्हणून. मला ते दिसलं तेव्हा माझं सांगून झालं होतं.

वामनराव पलंगाच्या कडेवर बसले.

“म्हंजे हे माह्या हातानं झालं.”

“मामाजी, तसं नाही,” प्रणाली म्हणाली. “तुमाले कोनी सांगितलंच नव्हतं.”

“नव्हतं सांगितलं,” मी म्हणाले. “ते माझं काम होतं.”

त्यांनी ऐकलं की नाही, मला माहीत नाही.

मी प्रणालीकडून तिच्या टीम लीडरचा नंबर घेतला आणि तिथूनच फोन लावला. तरुण, सभ्य आवाज.

“मॅडम, आय अंडरस्टँड. पण पॉवर बॅकअप एम्प्लॉयीची जबाबदारी आहे. ऑफर लेटरमध्ये आहे.”

“बॅकअप तिने घेतलाय. चांगला घेतलाय. सूचना मी चुकीची दिली. मी लेटरहेडवर लिहून देते.”

“माझ्या सिस्टिमला रीझन कोड चार आहेत. पॉवर, नेटवर्क, हार्डवेअर, अदर. कुठलाही टाकला तरी काउंट तीनच होतो.”

“कोणाशी बोलता येईल?”

“मी मेल फॉरवर्ड करतो. पण खरं सांगू? तिची जागा उद्या भरणार आहेत. लिस्ट तयार असते.”

मी तरीही पत्र लिहिलं, सही-शिक्का मारून. उत्तर आलं नाही. बुधवारी प्रणालीचं लॉगिन बंद झालं. तेव्हा प्रोबेशन संपायला तीन महिने बाकी होते.

उपाय सांगायला लाज वाटते इतका सोपा आहे. घर बंद करताना आधी यूपीएसचं बटण दाबून तो बंद करायचा, मग मेन पाडायचा. परत आल्यावर उलट क्रम. दोन सेकंदांचं काम. माझ्या प्रश्नांच्या कागदावर आता बारावा प्रश्न आहे, सूचना दुरुस्त आहे, आणि जुना कागद लावलेल्या प्रत्येक घरी मी फोन केला. अठ्ठेचाळीस घरं. त्यातली एकोणीस घरं बाहेर जाताना मेन पाडतात. आमच्याकडे उन्हाळ्यात बरेच लोक पाडतात. माझ्या घरीही पाडतात.

बॅटरी मी पुन्हा बदलून दिली. दोन महिन्यांनी एका शनिवारी त्या बाजूला काम होतं म्हणून तपासायला गेले. कॉम्प्युटरवर चादर टाकलेली. प्रणाली मुलीला घेऊन गावाला गेली होती. तिने आणखी दोन कंपन्यांत अर्ज केले होते, आणि मागचं काम का सुटलं हे दोन्हीकडे विचारलं होतं. वामनराव घरात एकटे होते.

“तुम्ही नाही गेलात?”

“नाई जात आता.”

“वामनराव, बटण दाबायचं आणि मेन पाडायचा. मी दाखवलं होतं ना?”

“बटन समजलं मले, मॅडम. तितका अडानी नाही मी.” ते मेनकडे पाहत नव्हते. “पाडाव तं हात उचलत नाही. चालू ठेवून जाव तं तिकडे झोप लागत नाही. मंग जातच नाही. म्हातारी तिकडे, मी इकडे.”

मी मीटर लावला. पावणेतेरा. लोड लावून, घड्याळ लावून सव्वादोन तास बसले. त्यांनी चहा केला. बॅकअप दोन तास सोळा मिनिटं भरला. तो मी डायरीत लिहिला, वारासकट.

आमच्या धंद्यात चूक झाली की माल बदलून देतात. तिथे बदलून देण्यासारखं काही नव्हतं. माल चांगलाच होता.