येईल, पण धरून चालू नका

चष्मा कपाळावर सरकवायचा, विचारणाऱ्याकडे न बघता रस्त्याच्या वळणाकडे बघायचं आणि सावकाश म्हणायचं, "येईल. पण धरून चालू नका." आमच्या स्टँडवरचे कंट्रोलर साहेब एवढं बोलले की बीडला निघालेल्या मावश्या पिशव्या खाली ठेवून निवांत फतकल मारत. गाडी येणार की नाही ते त्यांना कळलेलं नसायचं, पण विचारायचं काम एकदाचं उरकलेलं असायचं.

तुमच्याही स्टँडवर असा एखादा माणूस असेल. पण आमचा जरा पुढचा होता. माझा पेपरचा स्टॉल त्यांच्या खिडकीला चिकटून, त्यामुळे नऊ वर्षं मी त्यांचं बोलणं फुकटात ऐकलं. एकदा गाडी फलाटाला लागलेली, ड्रायव्हर बसलेला, इंजिन धडधडतंय. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "सायेब, जामखेडला हीच जाती का?" साहेबांनी चष्मा वर सरकवला. "हीच. जाईल. पण धरून चालू नका." म्हातारा चढला तो जीव मुठीत धरूनच.

स्वतःच्या मुलीच्या लग्नातही तेच. मांडवात कुणीतरी विचारलं, वऱ्हाड कुठवर आलं? साहेब म्हणाले, "निघालंय असं कळतंय. येईल. पण धरून..." वहिनींनी सगळ्यांसमोर त्यांना अडवलं. "आवो, पोरीचं लगीन हाय, गाडी न्हाई." व्याह्यांना ही गोष्ट अजून सांगितलेली नाही.

असा माणूस फुटबॉलच्या नादी लागला, आणि तोही आमच्या संघाच्या. आमच्या पट्ट्यात पोरं क्रिकेट खेळतात, नाहीतर कबड्डी. आमच्या गावात फुटबॉल कसा आला तर कोल्हापूरकडचे एक मास्तर बदलून आले, दोन चेंडू घेऊन आले आणि जाताना न्यायला विसरले. तेव्हापासून स्टँडच्या भिंतीमागं बाजारतळावर खेळ चालतो. साहेब बदलून आले त्या पहिल्याच दिवशी भिंतीवरून चेंडू आला आणि त्यांच्या चहात पडला. कप फुटला, रजिस्टर भिजलं. साहेब तरातरा भांडायला गेले. तासाभरानं परत आले ते पँटीला धूळ लावून. मला म्हणाले, "पेपरवाले, पोरांत दम आहे. जिंकतील एक दिवस. पण धरून चालू नका."

नऊ वर्षं आम्ही हरलो. तालुक्याची स्पर्धा जानेवारीत, तिथंच सगळी मेख. दिवाळी झाली की अर्धा संघ ऊस तोडायला जातो. शेजारच्या कडा गावची पोरं दुकानदारांची, नोकरदारांची, ती बारमाही घरी. आमच्यात उरतात ते सरपंचांचा भाचा, दोन किराणावाले आणि असेच कोणी. गोलकीपर नामदेव तर असा होता की त्याच्याकडं चेंडू गेला म्हणजे मिटला विषय. ट्रकवर चढवायची उसाची मोळी पोटाशी धरावी तसा तो चेंडू धरायचा. पण जानेवारीत नामदेव सांगलीकडच्या फडात. मग गोलात कोण? मी. कारण काय, तर मी रुंद आहे.

मी गोलात उभा राहिलो की साहेब भिंतीपलीकडून स्टुलावर चढून बघायचे. एकदा एक चेंडू माझ्या तोंडावर आदळून बाहेर गेला. माझा ओठ फुटला. साहेब म्हणाले, "बरोबर जागी उभे होता." त्यांच्याकडून एवढं ऐकायला मिळणं म्हणजे सत्कारच. पुढच्या मॅचला मी तिथंच उभा राहिलो, तर चेंडू दुसरीकडून गेला.

दर जानेवारीला साहेब एक नारळ आणायचे. नवस होता. संघ स्पर्धा जिंकला की लिंबागणेशला जाऊन गणपतीपुढं फोडायचा. नारळ ड्रॉवरमध्ये, शिट्टीशेजारी. दुकानदाराला सांगायचे, "पाणी असेल. पण हलवून बघा." आम्ही पहिल्याच मॅचला हरायचो, नारळ घरी जायचा आणि वहिनी त्याची चटणी करायच्या. डबा मलाही यायचा. काय सांगू, त्या चटणीची चव अशी होती की आपण हरतोय याचं वाईट वाटेना. वहिनींना मी एकदा विचारलं, "तुम्हाला आपण जिंकावं असं वाटतं ना?" त्या म्हणाल्या, "वाटतंय की. पर खोबरं बी लागतंयच."

मग ते शेवटचं वर्ष आलं. जानेवारीअखेर साहेब रिटायर होणार आणि बिऱ्हाड घेऊन गावी जाणार होते. कधी बोलून दाखवलं नाही, पण एकदा तरी जिंकलेलं बघून जावं असं त्यांना वाटत होतं. मला माहीत होतं. त्यांनी नारळ त्या वर्षी पंधरा दिवस आधीच आणला होता.

आणि झालं काय, पहिल्या मॅचला समोरचा संघ आलाच नाही. त्यांची जीप वाटेत बंद पडली. दुसरी गोलाविना राहिली आणि अंधार पडला म्हणून नाणं उडवून मिळाली. आम्ही एकही गोल न करता फायनलला गेलो, कड्याविरुद्ध, आमच्याच बाजारतळावर. गावात लोक एकमेकांना विचारायला लागले, "कावून बे, आपुन खरंच फायनलला हाय का?" मी खिडकीत डोकं घालून साहेबांना सरळ सांगितलं, "साहेब, मी गोलात असलो तर पाच पडतील." ते चष्मा वर सरकवून वळणाकडे बघत बसले. मग फोन उचलला.

फोन नामदेवच्या मुकादमाला होता. मुकादम आमच्याच गावचा, आणि त्याचा आवाज एवढा मोठा की फोन नसता तरी सांगलीहून ऐकू आला असता.

"सायेब, जोडीतला एक गडी गेला की कोयता बसला, काम ठप्प. त्याची बायको एकटी काय काय करंल? ते जाऊ द्या. जिंकाल का तेवढं सांगा."

"जिंकू. पण धरून..." साहेब थांबले.

"तसं आसंल तर मग कशाला धाडू त्याला?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग ड्रॉवरकडं. "जिंकणार," म्हणाले.

"मग धाडतो. त्याच्या जागी एक दिस मी कोयता धरतो. लई वर्षं झाली धरून."

फोन ठेवून साहेब तांब्याभर पाणी प्याले. "पेपरवाले, मी आत्ता काय बोललो?"

"जिंकणार म्हणालात."

"नोकरीत असं कधी बोललो नाही," म्हणाले आणि रुमालानं मान पुसली.

मग त्यांनी नामदेवचं वेळापत्रक लावलं. माणूस खुलला नुसता. सांगली ते पंढरपूर, तिथून करमाळा, तिथून जामखेड, आणि जामखेडहून साडेतीनला आपल्या दारात. फायनल चारला. प्रत्येक स्टँडवरच्या कंट्रोलरला फोन. "उंच माणूस आहे, हाताला घट्टे आहेत, गाडीत बसवून द्या." रविवारी सकाळपासून निरोप यायला लागले. पंढरपूरहून, "बसवला." करमाळ्याहून, "बसवला. पोचेल. पण पुढचं धरून चालू नका." साहेब भडकले. "काय माणसं आहेत," म्हणाले, "सरळ सांगायला काय होतं यांना?"

साडेतीनला गाडी आली नाही. जामखेडजवळ उसाची ट्रॉली आडवी झाली होती आणि रस्ता बंद. चारला शिट्टी झाली आणि मी गोलात उभा राहिलो. साहेब ड्युटीवर, त्यामुळे स्टँड सोडता येईना. भिंतीपलीकडे स्टुलावर उभे, एका हातात माइक. दहाव्या मिनिटाला कड्याच्या पोरानं चेंडू माझ्या दोन पायांमधून घातला. मागून कुणीतरी म्हणालं, "त्याला पाय जुळवाय सांगा बे." मी जुळवले. त्यानंतर मला हलता येईना.

मध्यंतर झालं. त्यानंतर शनिवारच्या बाजारातल्या एका कुजक्या टोमॅटोवरून कड्याचा बॅक घसरला आणि किराणावाल्यानं रिकाम्या गोलात चेंडू ढकलला. एक-एक. गाव वेडं झालं. तेवढ्यात स्टँडचा भोंगा खरखरला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. जामखेडहून येणारी गाडी येणार आहे." थोडा वेळ नुसती खरखर. मग, "येणारच."

स्टँडवरचे लोक उभे राहिले. मैदानातली पोरं थांबली. रेफ्री झालेल्या पीटीच्या मास्तरांनी शिट्टी तोंडातून काढली. नऊ वर्षांत हा शब्द आम्ही कुणी त्या भोंग्यातून ऐकला नव्हता. मला गोलात उभ्या उभ्या भरून आलं, खरं सांगतो. वाटलं, देवा, आता तरी आण ती गाडी, या माणसाची लाज राख.

वेळ संपली, बरोबरी राहिली, पेनल्टी ठरल्या. आणि गाडी आली. ड्रायव्हरनं ती फलाटाला लावलीच नाही, सरळ बाजारतळाच्या तोंडाशी आणली. नामदेव उतरला, मागून सगळे प्रवासी उतरले, कंडक्टरही उतरला. मी हातमोजे काढून तयारच होतो. कड्याचा कॅप्टन दिलदार निघाला. म्हणाला, "खेळू द्या त्याला. सकाळधरनं गाडीत हाय त्यो." आणि आमचे साहेब, ज्यांनी त्या पहिल्या दिवसानंतर कधी ड्युटीवर स्टँड सोडला नव्हता, ते खाकी कपड्यात, नारळ हातात धरून मैदानाच्या कडेला येऊन उभे राहिले.

पहिली पेनल्टी नामदेवनं पोटाशी धरली. मोळीच. साहेबांनी नारळासाठी एक दगड बघून ठेवला, लिंबागणेशपर्यंत दम निघेलसं दिसेना. पण पहाटेपर्यंत ट्रक भरून दिवसभर गाड्यांत उभं राहून आलेला माणूस तो. पुढच्याच उडीला त्याच्या पायात गोळे आले. त्यानंतर तो उभ्याउभ्याच जेवढं अडवता येईल तेवढं अडवत होता. शेवटी सगळं आमच्या एका पेनल्टीवर आलं. घातली तर बरोबरी, चुकली तर गेलं. ती मारायला सरपंचांचा भाचा पुढं झाला. त्याला नको म्हणायची सोय नव्हती, गोलाच्या जाळ्या सरपंचांनी दिल्या होत्या.

भाच्यानं लांबून पळत येऊन लाथ घातली. चेंडू गोलावरून, भिंतीवरून स्टँडात गेला आणि नेमका भोंग्यावर बसला. भोंगा एकदा कळवळला आणि बंद पडला.

साहेबांनी नारळ पिशवीत घातला, चेंडू परत आणून दिला, गाडीची नोंद केली. दोन तास लेट, त्यातली वीस मिनिटं आमच्यामुळं. मग मुकादमाला फोन लावला. मी खिडकीतच होतो.

"हरलो," साहेब म्हणाले. "मी शब्द दिला होता. चुकलं माझं."

पलीकडून तो आवाज आला. "सायेब, हाताला फोड आलेत बगा. पर आसू द्या. तुमी जिंकणार म्हणलात, पर आमी काय धरून चाललो न्हवतो."

साहेब हसले. एवढे हसले की चष्मा कपाळावरून मागं पडला. मी नऊ वर्षांत त्यांचे मागचे दात पहिल्यांदा बघितले.

आठवड्यानं ते निघाले. निरोपाला सगळं गाव स्टँडवर. गाडी साडेदहाची, म्हणून आम्ही सत्कार सव्वादहाला धरला होता. साडेदहाची गाडी अकराच्या आत आल्याचं कुणाला आठवत नव्हतं, तेव्हा सरपंचांचं भाषण, शाल, चहा, सगळं आरामात बसत होतं. सरपंच उभे राहून "आज या ठिकाणी" एवढं म्हणाले आणि गाडी आली. बरोब्बर साडेदहाला. अशी वेळेवर की साहेबांनाही खरं वाटेना. त्यांनी चष्मा वर सरकवून पाटी दोनदा वाचली.

मग जी पळापळ झाली. शाल कंडक्टरच्या खांद्यावर पडली, हार वहिनींच्या गळ्यात, चहा तसाच राहिला. मी म्हणालो, "साहेब, पाच मिनिटं थांबवा की गाडी." ते म्हणाले, "वेळेवर आलेली गाडी मी थांबवू? पेपरवाले, काहीही बोलता."

खिडकीतून त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. आत नारळ. मी वहिनींकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "या बारीचा फोडू वाटंना. ठिवा तुमी."

"वाळून गोटा होईल याचा," मी म्हणालो.

"होऊ दे," साहेब म्हणाले. "गणपती गोटा घेत नाही असं कुठं लिहिलंय?" मग वळणाकडे न बघता सरळ माझ्याकडं बघून म्हणाले, "पुढच्या जानेवारीला येईन."

मी पुढच्या वाक्याची वाट बघत खिडकीची दांडी धरून उभा राहिलो. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली, तरी मी चार पावलं बरोबर चाललो. ते काही बोलले नाहीत.

आता खिडकीत नवीन कंट्रोलर आहे, चुणचुणीत पोरगी आहे, गाडी किती मिनिटांत येणार ते आकड्यात सांगते. लोक तरीही एकदा माझ्या स्टॉलवर येऊन विचारून जातात. नारळ पेपरच्या गठ्ठ्यामागं ठेवलाय. मधनंमधनं हलवून बघतो, आता आत पाणी वाजत नाही. परवा मी किराणावाल्यांना सांगून ठेवलं, जानेवारीत मैदानाच्या कडेला स्टूल नको, खुर्ची ठेवा, साहेब येणार आहेत. ते म्हणाले, नक्की का? मी म्हणालो, ते पुढचं काही बोलले नव्हते, तेव्हा आपण धरून चालायचं.