पाठमोरी लुआ

हनोईच्या हिवाळ्यात ऊन कसलं, नुसती भुरभुर. कपडे वाळत नाहीत, पेटीतल्या कागदांनासुद्धा बुरशी धरते. बायका कावतात. तोआनला मात्र हाच ऋतू प्यारा. धुक्यात बुडालेलं तळं, ओले पूल, सायकलला संत्र्याची झाडं बांधून निघालेली माणसं, सगळं कॅमेऱ्यात टिपायचा. मग बायकोला स्कूटरवर मागं बसवून डोंगर गाठायचा. नव्या वर्षाच्या कॅलेंडरांवर त्याचेच डोंगर असत.

बायको लुआ. कॅमेऱ्याची तिवई ती वाहायची, कॅमेऱ्यावर छत्री ती धरायची आणि स्वतः भिजायची. डोंगर केवढा ते कळायला चित्रात माणूस लागतं, म्हणून तोआन तिलाच पानांची टोपी घालून पायवाटेनं पुढं चालायला लावायचा. पाठमोरी.

"वळू नकोस गं. तोंड दिसलं की लोक डोंगर बघत नाहीत."

"एवढी देखणी आहे मी, की एवढी भयाण?"

"बडबड पुरे, धुकं चाललं!"

साठी उलटली की इकडची माणसं ठेवणीतले कपडे घालून घरातल्या पितरांच्या देव्हाऱ्यासाठी आपला फोटो काढून ठेवतात. मागाहून पोरांची धावपळ नको. लुआनंही जांभळा मखमली झगा शिवून घेतला. तीन हिवाळे नवऱ्याच्या मागं लागली.

"अहो, एकदा समोरून काढा ना मला."

"तू काय, घरातच आहेस. आज धुकं बघ कसं पडलंय!"

होती खरी घरातच. वर्ष सरायला दहा दिवस असताना चुलीपुढं बसली ती उठलीच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी न्यायचं ठरलं. शवपेटीपुढं कुणीतरी फोटो धरून चालायला हवं, मग तोच देव्हाऱ्यात बसायचा. तोआननं डोक्याला सुतकाची पांढरी पट्टी बांधली आणि चाळीस वर्षांच्या पेट्या उपसल्या. लग्न लढाईच्या दिवसांतलं, तेव्हा फोटो कुठला? ओळखपत्र निघालं, तर नाकापासून वर बुरशीनं खाल्लेलं. बाकी डोंगरच डोंगर. शंभरेक चित्रांत लुआ होती. टोपी आणि पाठ.

लेक मियेन त्याला कोपऱ्यावरच्या फोटोवाल्या हाओकडं घेऊन गेली. हाओ मेलेल्यांचे चेहरे रंगवून देतो.

"काका, मियेनच्या चेहऱ्यावरून काढतो. थोड्या सुरकुत्या घालू. तुम्ही फक्त सांगत चला. काकूंचा तीळ कुठल्या गालावर होता?"

"उजव्या," तोआन म्हणाला.

मियेननं वळून पाहिलं. "बाबा, डाव्या."

तोआननं डोळे मिटले. ताम दाओच्या घाटातलं पाइनचं झाड आठवलं, त्याची मोडकी फांदीसुद्धा आठवली. गाल काही आठवेना.

"राहू दे, पोरा," तो हाओला म्हणाला. "कुणा भलत्याच बाईला धूप दाखवायला नको."

दुसऱ्या दिवशी भुरभुरीत मियेन पुढं चालली. हातातल्या चौकटीत डोंगर, धुकं आणि बोटभर पाठ. गल्लीतल्या बायका एकमेकींना विचारत होत्या, "अगं, यात लुआ कुठंय?"

तीच चौकट आता देव्हाऱ्यात आहे. जांभळा झगा घडी करून खाली ठेवलाय, एकदाही न घातलेला. तोआन रोज सकाळी भाताची वाटी ठेवतो, धूप लावतो आणि म्हणतो, "वळ गं आता."

ती चाललीच आहे, धुक्याकडं. त्यानंच सांगितलं होतं तशी.